दर पावसाळ्यात पन्हळते, दर उन्हाळ्यात फटी पडतात: घरच्या सागाच्या लाकडी जमिनीचं निदान आणि दुरुस्ती

ऑगस्टमध्ये अनवाणी चालताना फळ्यांच्या कडा पायाला लागतात. एप्रिलमध्ये त्याच फळ्यांच्या फटींत एटीएम कार्ड सहज उभं जातं. दर वर्षी मिस्त्री येतो, घासतो, फटी भरतो, पॉलिश मारतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुमच्या घरी हे चालू असेल तर आमच्या खोलीची हकीकत तुमच्या उपयोगाची आहे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. खालच्या मजल्यावरच्या १२ बाय १५ फुटी खोलीत घरच्या सागाची जमीन केली. दोन वर्षं ती चुकीच्या महिन्यांत चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केली आणि मग पूर्ण उचलून पुन्हा बसवली. त्यानंतरचे दोन पावसाळे नीट गेले आहेत.

झाड आमच्या शेताच्या बांधावरचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी लावलेलं. जून २०२० मध्ये ते वाऱ्याने पडलं. विकायचं नाही, त्याचं घरात काहीतरी करायचं, एवढं अप्पांनी सांगितलं. (शेतातून शहरात साग आणायचा तर वनविभागाचा वाहतूक परवाना आधी घ्या. शहरातल्या अंगणात उभं असलेलं झाड असेल तर मध्य प्रदेशात २००१ चा नागरी क्षेत्रातल्या वृक्षांचा कायदा आहे, त्यामुळे तोडण्याआधी परवानगी लागते. ओंडका गाडीत चढल्यावर या गोष्टी आठवून उपयोग नसतो.) डिसेंबर २०२० मध्ये आरा मशीनवर सव्वा इंची फळ्या चिरून घेतल्या. मागच्या पडवीत थप्पी रचली. मे २०२२ मध्ये २० मिमी जाडीच्या, वरून ५ इंच रुंद दिसणाऱ्या नर-मादी (एका कडेला जीभ, दुसरीला खाच असलेल्या) फळ्या तयार झाल्या आणि त्याच महिन्यात त्या बसवल्या.

दीड वर्ष वाळलेलं लाकूड, मे महिन्यातला कडक उन्हाळा. याहून चांगली वेळ कोणती, असं आम्हाला आणि मिस्त्रीलाही वाटलं. दुखण्याची सुरुवात तिथूनच झाली.

काय काय झालं, महिन्यांसकट

महिने इथे फार महत्त्वाचे आहेत, म्हणून ते लिहिते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या आणि मधला भाग खोलगट झाला. आमच्याकडे याला फळी पन्हळली म्हणतात. सप्टेंबरमध्ये मिस्त्रीने मशीन फिरवून सगळं सपाट केलं. जानेवारीपर्यंत उलट चित्र दिसू लागलं: मधला भाग उंच, कडा खाली, जणू प्रत्येक फळीला बारीक पाठ फुटली आहे. एप्रिल २०२३ मध्ये फटी पडल्या, काही तर जवळपास ३ मिमीच्या. त्या भुसा आणि फेव्हिकॉल कालवून केलेल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कडा आधीपेक्षा जास्त उचलल्या आणि दाराजवळच्या दोन फळ्या जमीन सोडून तंबूसारख्या वर आल्या.

म्हणजे आमच्या प्रत्येक दुरुस्तीने दुखणं वाढलं होतं. मग मी मिस्त्रीला थांबवलं आणि आधी कारण शोधायचं ठरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरात मोजायची सवय आहे, ती इथे कामाला आली.

फळी वर का येते: पापडावरून समजलेली गोष्ट

पहिला धागा सासूबाईंनी दिला. पन्हळलेल्या जमिनीकडे बघून त्या म्हणाल्या, "अगं, पापड एका अंगाने वाळला की कडा वर घेतो. म्हणून तर आम्ही दुपारी उलटतो."

अगदी हेच. फळीची एक बाजू दुसरीपेक्षा कोरडी असली की कोरडी बाजू आकसते आणि फळी तिच्याकडे वळते. कडा वर असतील तर वरची बाजू कोरडी आणि खालची ओलसर. मधला भाग वर असेल तर वरची बाजू ओली, किंवा आमच्यासारखं पन्हळलेली जमीन घासून नंतर ती वाळलेली. घासताना कडांचं लाकूड गेलं होतं. पुढे खालची ओल कमी होऊन फळी सरळ झाली, तशा त्या पातळ झालेल्या कडा खाली राहिल्या आणि पाठ दिसू लागली.

म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे एक सरळ लोखंडी पट्टी फळीवर आडवी ठेवून बघणं. पट्टी दोन्ही कडांवर टेकते आणि मधे उजेड दिसतो की मधे टेकते आणि कडांना उजेड दिसतो? ओल कुठून येते आहे हे एवढ्यावरून कळतं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये मधे उजेड होता. म्हणजे पाणी खालून येत होतं. आम्ही मात्र दोन वर्षं वरून घासत आणि वरून पॉलिश मारत बसलो होतो.

दुसरी गोष्ट समजायला थोडं गणित लागतं, पण ते सोडू नका, कारण सगळ्याचं मूळ त्यातच आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या रेषेत साधारण ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत साधारण २.५ टक्के. हे आकसणं लाकडातली ओल सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होतं. म्हणजे ओंडक्याच्या सरळ आडव्या कापातून निघालेली फळी ओलीच्या दर एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.१९ टक्के हलते, आणि वलयं उभी येतील अशी चिरलेली फळी ०.०८ टक्के. निम्म्याहून कमी.

आता इंदूरची हवा बघा. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस ८० च्या वर राहते. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत बराच काळ पडून राहिलेलं लाकूड ६ टक्के ओलीच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्क्यांच्या हवेत १६ च्या आसपास. घरात, पॉलिश असताना, एवढा पूर्ण झोका बसत नाही. तरी ६ टक्क्यांचा फरक धरला तर १२ फूट रुंदीत किती हालचाल होते? सुमारे ४० मिमी. दीड इंचापेक्षा जास्त. आम्ही मे महिन्यात, लाकूड वर्षातलं सगळ्यात कोरडं असताना, फळ्या हातोडीने ठोकून एकमेकींना घट्ट भिडवल्या. भिंतीलगतची जागा पांढऱ्या सिमेंटने बंद केली. त्या दीड इंचाला जायला जागाच ठेवली नाही.

जागा नसली की लाकूड स्वतःलाच चेपतं. कडांवरच्या पेशी दबतात आणि कायमच्या दबलेल्या राहतात. मग उन्हाळ्यात फळी वाळते तेव्हा मूळ मापापेक्षाही अरुंद होते. म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यातली फट पहिल्यापेक्षा मोठी. त्या फटीत आपण लांबी भरतो, पावसाळ्यात फळीला आणखी कमी जागा मिळते, कडा आणखी चेपतात. दर वर्षी दुखणं वाढत जातं ते यामुळे. आमच्या दाराजवळच्या फळ्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या त्या एप्रिलमधल्या लांबीमुळेच, हे मला नंतर फळ्या उचलताना दिसलं: लांबीचा एकेक धागा चेपून दगडासारखा झाला होता.

ओल कुठून येते आहे: आम्ही केलेल्या तपासण्या

ऑक्टोबर २०२३ मध्ये कोपऱ्यातल्या चार फळ्या उचलल्या आणि खालचं सगळं उघडं केलं. फळ्यांखाली लाकडी बत्ते (ज्यांवर फळ्या ठोकतात त्या आडव्या पट्ट्या), त्याखाली जुनी कोटा फरशी, त्याखाली मुरूम आणि माळव्याची काळी माती. बत्त्यांच्या मधे मिस्त्रीने वाळू-सिमेंट भरलं होतं, म्हणजे पाऊल टाकल्यावर पोकळ आवाज येऊ नये.

ओलीचं माप घेण्याची सगळ्यात भरवशाची पद्धत घरी करता येते. फळीच्या टोकापासून किमान फूटभर आत, धाग्याच्या दिशेने इंचभर लांबीचा तुकडा काढायचा. टोकाजवळचा तुकडा नको, तो नेहमी जास्त वाळलेला असतो आणि फसवतो. लगेच वजन करायचं. आमच्या घरचा स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, म्हणून मी तुकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून सराफ्यात ओळखीच्या पेढीवर नेले. दागिन्यांचा काटा यासाठी उत्तम. मग ओटीजीमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवायचे, अधूनमधून वजन करायचं आणि वजन उतरायचं थांबलं की तो कोरडा आकडा. (मायक्रोवेव्हमध्ये घाई करू नका, तुकडा आतून जळतो.) गेलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

वरच्या फळीचा तुकडा: ४८.६ ग्रॅमवरून ४४.२. म्हणजे जवळपास १० टक्के. चांगलाच. बत्त्याचा तुकडा: ३१.४ वरून २६.२. म्हणजे जवळपास २० टक्के. पावसाळा संपून तीन आठवडे झाले होते, तरी फळीच्या पोटाला टेकलेलं लाकूड तिच्या दुप्पट ओलं होतं.

मिस्त्रीला आकडे दाखवले. तो शहरातला जुना माणूस आहे, हात चांगला आहे, आणि त्याने काही लपवलं नाही. "बत्ते तो उस टाइम भी थोड़े कच्चे थे भाभीजी," तो म्हणाला, "पर ऊपर की लकड़ी सूखी थी ना।" फळ्यांसाठी आम्ही दीड वर्ष वाट पाहिली आणि बत्ते मात्र महिन्याभरापूर्वी चिरलेल्या लाकडाचे होते. वर ते ओल्या वाळू-सिमेंटमध्ये बसवले. मला वाटतं, आपल्याकडच्या बऱ्याच बिघडलेल्या लाकडी जमिनींमध्ये हेच निघेल. वरची फळी सगळे बघतात, खालच्या बत्त्याला कोणी विचारत नाही.

पण बत्ते दीड वर्षात वाळायला हवे होते. का नाही वाळले? म्हणून दुसरी तपासणी. उघड्या कोटा फरशीवर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस ठेवलं. दुसऱ्या सकाळीच प्लॅस्टिकच्या आत थेंब जमले होते आणि खालची फरशी काळपट झाली होती. उघड्या फरशीतून ही वाफ दिसत नाही, हवेत निघून जाते. तिच्यावर लाकूड झाकलं की ती लाकडात जाते. जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर बहुधा नसतो, आणि काळी माती पाणी महिनोन् महिने धरून ठेवते.

बाहेर फिरून बघितलं तर त्याच भिंतीला लागून तुळशी-मोगऱ्याचा वाफा, त्यात रोज पाणी. गच्चीच्या पावसाचा पाइपही तिथेच सुटलेला. वाफ्यातली माती खोलीच्या जमिनीच्या पातळीपर्यंत आली होती.

इथे मला आमचा इंदूरचा राजवाडा आठवला. लहानपणापासून आपण त्याचे सात मजले मोजत आलो. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. जुन्या वाड्यांतही फळ्यांची जमीन असायची ती माडीवर, खाली-वर दोन्हीकडून हवा मिळेल अशी. जमिनीच्या ओलीवर थेट लाकूड अंथरायचा उद्योग आपल्या काळातला आहे. तो करायचा तर मधला अडथळा आपणच घालायला हवा.

कूलरची खिडकी

हे वेगळं लिहिते, कारण मला याचा बराच काळ पत्ता लागला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये खोलीभर फटी पडल्या, पण खिडकीजवळच्या तीन-चार फुटांत जवळजवळ नाहीत. तिथलं लाकूड चांगलं निघालं असं आम्ही समजलो. शे-पाचशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं यंत्र आणल्यावर उलगडा झाला. त्या खिडकीत कूलर आहे. बाहेर २० टक्के आर्द्रता असताना कूलरसमोर यंत्र ६८ दाखवत होतं, दाराजवळ ४०. म्हणजे एकाच खोलीत, एकाच दुपारी, जमिनीच्या एका टोकाला पावसाळा आणि दुसऱ्या टोकाला उन्हाळा. मे महिन्यात फक्त कूलरजवळ फळ्यांचा मधला भाग फुगला असेल, तर दुसरं कारण शोधू नका.

कूलर बंद करा असं मी सांगणार नाही, अप्पांना दमा आहे आणि एसी त्यांना सोसत नाही. आम्ही कूलरचं तोंड जमिनीवरून काढून वर वळवलं, समोरची खिडकी उघडी ठेवतो, आणि रात्री पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवतो.

आणि पुसणं. बादलीत फिनाइल घालून निथळत्या फडक्याने पुसणं या जमिनीला चालत नाही. पिळून कोरडं केलेलं फडकं, तेही रोज नको.

सगळं न उचलता काय करता येईल

तुमचं दुखणं आमच्याइतकं खोल नसेल तर महिने बघून वागलात तरी बरंच काम होतं.

पन्हळलेली जमीन पावसाळ्यात किंवा पाऊस संपताच घासू नका. आधी ओल बंद करा: पाइप वळवा, वाफा हलवा, गळणारा नळ बघा. मग थांबा. डिसेंबर-जानेवारीपर्यंत बऱ्याच फळ्या आपणहून बसतात. फळीची वरची आणि खालची ओल सारखी झाली (पिनांचं मॉइश्चर मीटर असेल तर आखूड आणि लांब पिनांनी मोजून कळतं) आणि तरीही पट्टीखाली मिलिमीटरभर उजेड राहिला, तरच घासा.

फटी एप्रिलमध्ये भरू नका. कितीही वाईट दिसल्या तरी. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिमी असते. ते घेऊन ऑगस्टच्या मध्यावर त्या फटी पुन्हा तपासा. तेव्हाही कार्ड जात असेल तर ती फट कायमची आहे, तिच्यात त्याच लाकडाची चीप बसवा आणि चीप एकाच फळीला चिकटवा, दोन्हीला नाही. बाकीच्या फटी म्हणजे जमिनीचा उन्हाळा आहे, तो जाऊ द्या.

भिंतीलगतचं सिमेंट आधी फोडा. स्कर्टिंग काढून चारही बाजूंनी १२ ते १५ मिमी मोकळी जागा करा आणि स्कर्टिंग पुन्हा लावताना खिळे भिंतीत मारा, फळीत नाही. एवढ्यानेच तंबू झालेल्या फळ्या आठवड्याभरात खाली बसल्याचं मी पाहिलं आहे.

कुरकुर आवाज हा बहुतेक वेळा सैल झालेल्या खिळ्याचा. जिथे वाजतं तिथे स्क्रू.

फळीतून टाल्कम पावडरसारखा बारीक भुसा पडत असेल आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल छिद्रं दिसत असतील तर मात्र तो ओलीचा विषय नाही, तो पांढऱ्या कच्च्या लाकडातला भुंगा आहे. सागाचा तपकिरी पक्का भाग तो सहसा खात नाही, सालीलगतचा पिष्ट असलेला पांढरा पट्टा खातो. घरच्या झाडाचं लाकूड वाया जाऊ नये म्हणून आपण तो पट्टा ठेवतो. ठेवू नका, किंवा बसवण्याआधी बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवा.

पुन्हा बसवताना आम्ही काय बदललं

सगळ्या फळ्या क्रमांक घालून उचलल्या. कडा चेपलेल्या होत्या, म्हणून जुनी नर-मादी पूर्ण छाटली आणि प्रत्येक फळी मधोमध चिरून तिच्या दोन पट्ट्या केल्या. थिकनेसरमधून (लाकूड एकसारख्या जाडीचं करणाऱ्या यंत्रातून) काढल्यावर जाडी १८ मिमी राहिली आणि नवी नर-मादी काढल्यावर वरून दिसणारी रुंदी २ इंच. जवळपास पाचवा हिस्सा लाकूड गेलं. अप्पांना ते लागलं. बाहेर लाकूड टाकून द्यायचं नाही म्हणून त्या सगळ्या छाटाच्या काड्या त्यांनी स्वतः बांधून ठेवल्या. कमी पडलेली जागा दोन्ही लांब भिंतींना फूटभर रुंद शिसवाची किनार घालून भरली, आणि ती किनार आता खोलीत सगळ्यात देखणी दिसते.

रुंदी का कमी केली? ५ इंची फळी ६ टक्क्यांच्या फरकाने दीड मिमीच्या आसपास हलते, २ इंची पट्टी अर्ध्या मिमीच्या आसपास. एकूण हालचाल तेवढीच राहते, पण ती जास्त फटींमध्ये वाटली जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. पन्हळणंही कमी होतं. ज्यांचा ओंडका अजून चिरायचा आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आरा मशीनवर स्वतः उभे राहा. चिराईवाला सवयीने आडवे काप घेत जातो, त्यात वेळ आणि नासधूस कमी. ओंडक्याचे आधी चार भाग करून वलयं उभी येतील अशा अरुंद फळ्या काढायला सांगा. चिराईचे पैसे जास्त पडतील, फळ्याही थोड्या कमी निघतील. गाभ्याच्या मध्याची फळी जमिनीसाठी घेऊच नका, ती चिरते. टोकांना त्याच दिवशी रंग किंवा मेण लावा. थप्पी रचताना प्रत्येक थरामध्ये पाऊण ते एक इंची कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर घाला, आणि वरपासून खालपर्यंत त्या एकाच उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. आमच्या मूळ थप्पीत त्या पुढेमागे झाल्या होत्या, तिथल्या सात फळ्यांना पीळ पडला आणि त्या जमिनीला लागल्याच नाहीत.

'सीझन्ड' या शब्दावर विसंबू नका. भारतीय मानक आयएस २८७ देशाचे आर्द्रतेप्रमाणे चार विभाग करतं, ते उगाच नाही. मुंबईत बसलेलं लाकूड आणि इंदुरात बसलेलं लाकूड वेगवेगळ्या ओलीवर स्थिरावतं. इंदूरला माझ्या मोजमापांप्रमाणे बंद घरातलं लाकूड वर्षभरात ६-७ पासून १३-१४ पर्यंत फिरतं. म्हणून ते मधे, ९-१० वर असताना बसवायचं. तो काळ नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी. मे नाही, ऑगस्ट तर नाहीच. तयार पट्ट्या आम्ही त्याच खोलीत तीन आठवडे मोकळ्या रचून ठेवल्या आणि दर रविवारी एका खुणेच्या पट्टीचं वजन केलं. दोन रविवार वजन सारखं आलं तेव्हा काम सुरू केलं.

खाली बत्ते आणि वाळू-सिमेंट पूर्ण काढलं. कोटा फरशी कोरडी होऊ दिली. तिच्यावर २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर आठ इंच चढवून चिकटपट्टी लावलेलं आणि भिंतीवर चार बोटं वर घेतलेलं. त्यावर आयएस ७१० चा (म्हणजे मरीन) १२ मिमी प्लाय, दोन थर, एकमेकांवर आडवे-उभे, एकमेकांनाच स्क्रूने जोडलेले. फरशीत एकही खिळा नाही, नाहीतर प्लॅस्टिकला भोकं पडून सगळं व्यर्थ. पट्ट्यांच्या पोटाला पॉलिशचा एक हात बसवण्याआधीच दिला. नराच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत खिळे, नर-मादीत गोंद नाही. दर दोन पट्ट्यांमध्ये एक व्हिजिटिंग कार्ड धरून ठोकलं आणि मग कार्ड काढून घेतलं. ती पाव-अर्ध्या मिमीची फट म्हणजे पावसाळ्याची जागा. मिस्त्रीला हे अजिबात पटत नव्हतं. आयुष्यभर त्याने घट्ट बसवण्यालाच चांगलं काम म्हटलं आहे, आणि कपाटात, दारात ते खरंही आहे. पहिल्या दोन ओळी माझ्या शब्दाखातर केल्या त्याने.

पॉलिशचं एकच सांगते. साग तेलकट असतो. पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) लावण्याआधी थिनरने पुसून, ते उडाल्यावर लगेच पहिला हात द्या, नाहीतर तो दिवसेंदिवस चिकट राहतो.

डिसेंबर २०२३ मध्ये काम पुरं झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये मिस्त्री दुसऱ्या कामासाठी आला होता, तेव्हा चप्पल दाराशी काढून तो आधी त्या खोलीत गेला आणि खिशातली पट्टी जमिनीवर सात-आठ ठिकाणी टेकवून बघितली. कार्डाच्या फटी बंद झाल्या होत्या, कडा सपाट होत्या. एप्रिल २०२५ मध्ये मी स्वतः मोजलं. दाराकडच्या बाजूला पट्ट्यांमध्ये अर्धा मिमी, कूलरच्या खिडकीखाली काहीच नाही. त्या खिडकीखालच्या सहा पट्ट्या मात्र मेअखेर अजूनही जराशा फुगलेल्या दिसतात, आणि पाऊस सुरू होऊन कूलर बंद झाला की पंधरा दिवसांत बसतात. त्या मी घासणार नाही.